निळ्या हेल्मेटची उधारी

मा. परराष्ट्रमंत्री,
भारत सरकार,
नवी दिल्ली.



संयुक्त राष्ट्रांच्या शांतिमोहिमांवर भारत सैनिक पाठवतो. त्यांचा खर्च कोण करतो, तो परत किती मिळतो आणि कधी मिळतो, हा प्रश्न आपल्यापुढे जाहीरपणे मांडावा म्हणून हे पत्र. या मोहिमांवर गेलेल्या जवानांच्या गौरवाची भाषणे आपल्याकडे होतात आणि ती व्हायलाच हवीत. पण त्याच जवानांपोटी देशाला मिळायचे पैसे न्यूयॉर्कमध्ये महिनोन्‌महिने अडकून पडतात, यावर फारसे कोणी बोलत नाही. माझे म्हणणे थोडक्यात असे : सुरक्षा परिषद मोहीम ठरवते तेव्हाच तिच्या पैशाचीही सोय झाली पाहिजे. ती होत नाही तोवर सैनिक पाठवणारे देशच त्या मोहिमेचे सावकार होऊन बसतात, आणि तेही बिनव्याजी, मुदतीशिवाय. ही रीत मोडायला लावण्याचा अधिकार भारताने रक्त सांडून मिळवला आहे. तो आपण वापरावा, एवढीच विनंती आहे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये आठवडाभराच्या अंतराने दोन गोष्टी घडल्या. आधी संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केले की, पैशाअभावी नऊ मोहिमांमधले सुमारे एक चतुर्थांश सैनिक आणि पोलीस, म्हणजे तेरा ते चौदा हजार माणसे, माघारी पाठवावी लागतील. मग १४ ते १६ ऑक्टोबरला आपल्या लष्कराने नवी दिल्लीत सैनिक पाठवणाऱ्या देशांच्या लष्करप्रमुखांची परिषद भरवली. तीसहून अधिक देशांचे प्रतिनिधी आले. ज्यांची माणसे परत पाठवली जाणार होती आणि ज्यांची देणी थकली होती, त्यांतले अनेक देश त्या वेळी आपले पाहुणे होते. त्या सर्वांचे गाऱ्हाणे एका आवाजात मांडणारा देश भारतच असू शकतो, हे त्या तीन दिवसांत स्पष्ट दिसले.

या साऱ्या मोहिमांचा २०२५-२६ चा मंजूर खर्च सुमारे ५४० कोटी डॉलर होता. जगातली राष्ट्रे आपापल्या सैन्यावर वर्षाला जे उधळतात, त्याच्या अर्धा टक्काही तो नाही. तरीही तो जमत नाही. या खर्चात सर्वात मोठा, सुमारे २६ टक्क्यांचा वाटा अमेरिकेचा आहे. पण १९९४ मध्ये अमेरिकेनेच केलेल्या कायद्याने तिच्या तिजोरीतून पंचवीस टक्क्यांहून अधिक रक्कम देण्यावर मर्यादा घातली. मधली तफावत वर्षानुवर्षे साचत गेली आणि अलीकडे तर मूळ वाट्यालाच कात्री लागली. उशिरा पैसे भरणारी अमेरिका एकटी नाही. इतरही अनेक देश सवडीने भरतात. मात्र सुरक्षा परिषदेत हात वर करून मोहीम मंजूर करणाऱ्या, नकाराधिकार बाळगणाऱ्या देशाने बिल आल्यावर हात आखडता घ्यावा, हे सगळ्यात जास्त खटकते.

हा तंटा जुना आहे. १९५६ मध्ये सुएझच्या संकटानंतर गाझा आणि सिनाईत पहिले शांतिसैन्य उभे राहिले, तेव्हा सरचिटणीस डाग हॅमरशोल्ड यांनी साधे सूत्र मांडले. सैनिकांचे पगार आणि साहित्य पाठवणाऱ्या देशाने सोसावे आणि वरचा खर्च सर्व सदस्यांनी मिळून उचलावा. भारताने त्या सैन्यात तुकड्या दिल्या आणि १९६७ पर्यंत आपले जवान गाझाच्या वाळूत उभे होते. १९६० मध्ये काँगोची मोहीम आली. फ्रान्स आणि सोव्हिएत संघाने तिचा खर्च द्यायला नकार दिला. हा खर्च संघटनेचा मानायचा की नाही, हा वाद हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला आणि २० जुलै १९६२ रोजी न्यायालयाने नऊ विरुद्ध पाच अशा बहुमताने मत दिले की, हा संघटनेचाच खर्च आहे, तो सदस्यांनी वाटून घ्यायचा आहे. तरीही थकबाकीदारांनी पैसे दिले नाहीत. पेच इतका चिघळला की, १९६४ च्या अधिवेशनात महासभेला मतदान टाळून कामकाज चालवावे लागले.

बिल कोणी भरायचे हा वाद न्यूयॉर्कमध्ये रंगला होता, त्याच काळात ५ डिसेंबर १९६१ रोजी काँगोतल्या एलिझाबेथव्हिलमध्ये कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया मूठभर गुरखा जवानांसह शत्रूच्या मोठ्या तुकडीवर तुटून पडले आणि धारातीर्थी पडले. शांतिमोहिमेत परमवीरचक्र मिळालेले ते एकमेव सैनिक. लढायला जाताना त्यांनी आणि त्यांच्या जवानांनी कोणाची वर्गणी आली आणि कोणाची राहिली, हे पाहिले नव्हते. पैसे देणाऱ्यांनी मात्र प्रत्येक वेळी आपली सोय पाहिली.

१९७३ पासून सैनिक पाठवणाऱ्या देशांच्या परताव्याला नियम लागू झाला. सिनाईतल्या दुसऱ्या मोहिमेच्या वेळी माणशी दरमहा ५०० डॉलर असा सर्व देशांसाठी एकच दर ठरला. १९७७ मध्ये तो ६८० झाला, १९८० मध्ये ९५०, १९९१ मध्ये ९८८ आणि २००२ मध्ये १,०२८. म्हणजे १९८० पासूनच्या बावीस वर्षांत वाढ झाली ती जेमतेम आठ टक्क्यांची. त्यानंतर बारा वर्षे मूळ दर जागचा हलला नाही. ओरड वाढली तेव्हा तात्पुरती भर घालण्यात आली. अखेर २०१४ मध्ये कपडे, दारूगोळा, तज्ज्ञांचा जादा भत्ता असे पूर्वी वेगळे मिळणारे तुकडे एकत्र करून १,३३२ डॉलरचा एकच दर झाला. २०१८ मध्ये तो १,४२८ आणि २०२२ मध्ये १,४४८ डॉलरवर आला. सव्वा लाख रुपयांच्या आसपास. दर चार वर्षांनी काही देशांच्या प्रत्यक्ष खर्चाची पाहणी होते खरी, पण शेवटचा आकडा महासभेच्या पाचव्या, म्हणजे अर्थविषयक, समितीत घासाघीस करूनच निघतो. आणि त्या टेबलावर पैसे देणाऱ्यांचे वजन सैनिक देणाऱ्यांपेक्षा नेहमीच जास्त भरते.

आपल्याकडे अनेकांचा असा समज आहे की, ही रक्कम जवानाच्या हाती पडते. तसे नाही. ती सरकारला मिळते. जवानाला आपले सरकार त्याचा नेहमीचा पगार आणि मोहिमेचा भत्ता देते. संयुक्त राष्ट्रांकडून थेट त्याच्या हातात येतो तो दिवसाला १ डॉलर २८ सेंट एवढा भत्ता आणि रजेच्या काळातली थोडी रक्कम. १.२८ डॉलर म्हणजे शंभर-सव्वाशे रुपये. हा आकडा दशकानुदशके तसाच राहिला आहे. सातारा, सांगली, कोल्हापूरच्या गावांत ‘पोरगा यूएन मिशनला गेलाय’ हे अभिमानाने सांगितले जाते. त्या अभिमानाला आपण धक्का लावू नये, पण त्या मुलाला आणि त्याच्या घरच्यांना त्याच्या नावावर कोणते पैसे कुठून कुठे जातात, हे कळायला हवे.

साडेआठशे जवानांची एक बटालियन घ्या. १,४४८ डॉलरच्या दराने तिचा महिन्याचा परतावा होतो १२ लाख ३० हजार ८०० डॉलर. सहा महिने तो अडकला तर ७३ लाख ८४ हजार ८०० डॉलर, तेही फक्त माणसांचे. यात चिलखती गाड्या, जनरेटर, पाण्याचे टँकर, रुग्णालय, हेलिकॉप्टर आलेच नाहीत. त्यांचा हिशेब वेगळा. तुकडी आपले साहित्य बरोबर नेते, करारात प्रत्येक वाहनाचे मासिक भाडे ठरते. देखभाल आपण करायची असेल तर ‘वेट लीज’, संयुक्त राष्ट्रांनी करायची असेल तर ‘ड्राय लीज’. स्वयंपाक, कपडे धुणे, तंबू, दळणवळण यांचे दर निराळे. दर तीन महिन्यांनी तपासनीस येतात, एकेक गाडी सुरू करून पाहतात, आणि बंद पडलेल्या गाडीचे भाडे कापले जाते. २०१३ च्या ठरावानंतर आणखी एक अट आली : ठरलेल्या साहित्यातला ठरावीक मर्यादेहून अधिक हिस्सा नादुरुस्त किंवा गैरहजर राहिला, तर जवानांच्या परताव्यातूनही कपात होते.

या कपातीला माझा विरोध नाही. ज्या चिलखती गाडीच्या भरवशावर जवान गस्तीला निघतो, ती चालू स्थितीत असलीच पाहिजे, आणि नसेल तर पैसे कापणेच योग्य. पण नियम दोन्ही बाजूंना सारखा हवा. आपली गाडी तीन महिने उभी राहिली तर पैसे कापले जातात. एखाद्या श्रीमंत देशाची वर्गणी तीन वर्षे रखडली तर त्याच्यावर व्याज चढत नाही. सनदेच्या १९ व्या कलमानुसार, थकबाकी दोन वर्षांच्या वर्गणीएवढी झाली तरच महासभेतले मत जाते. हुशार थकबाकीदार बरोबर त्या रेषेच्या अलीकडे थांबतो. सुरक्षा परिषदेतले मत तर कशानेच जात नाही. आणि आपल्या थकलेल्या परताव्यावर आपल्याला एका पैचेही व्याज नाही. गाडीच्या इंजिनाची इतकी काटेकोर तपासणी करणाऱ्या व्यवस्थेने वर्गणीच्या तारखांची तेवढीच काटेकोर तपासणी का करू नये?

रोकड कमी पडली की संयुक्त राष्ट्रे आधी कर्मचाऱ्यांचे पगार आणि कंत्राटदारांची बिले भागवतात. सैनिक पाठवणाऱ्या सरकारांना थांबवून ठेवता येते, म्हणून त्यांना थांबवले जाते. २०१९ मध्ये सरचिटणीसांनी आपल्या अहवालात हे मान्यच केले की, संघटना प्रत्यक्षात सैनिक पाठवणाऱ्या देशांकडून दीर्घकाळ कर्ज काढत आहे. त्या वेळी भारताचे येणे ३ कोटी ८० लाख डॉलर होते, इतर कोणत्याही देशापेक्षा जास्त. त्याच वर्षी महासभेने एका मोहिमेची रोकड दुसऱ्या मोहिमेसाठी तात्पुरती वापरायला परवानगी दिली आणि काही काळ देणी लवकर फिटू लागली. नियमातल्या छोट्या बदलानेही फरक पडतो, हे त्यातून सिद्ध झाले. पण एकूण आवकच आटली तर उसनवारी तरी कुठून करणार? आणि ज्या मोहिमा बंद झाल्या व ज्यांच्या खात्यात काही उरले नाही, त्यांची देणी तर वर्षानुवर्षे तशीच पडून राहतात.

यावर दोन आक्षेप नेहमी ऐकू येतात. पहिला पाश्चात्त्य देशांतून येतो : गरीब देश पैशासाठी सैनिक पाठवतात, त्यांना यात नफा होतो. या म्हणण्यात सैनिकाचा अपमान आहे आणि हिशेबाची चूकही आहे. एक जवान तयार व्हायला लागणारी वर्षे, त्याचे निवृत्तिवेतन, त्याच्या कुटुंबाचा औषधोपचार, तो परदेशी असताना सीमेवर त्याच्या जागी उभा राहणारा दुसरा जवान आणि दिल्लीत २००० साली स्थापन झालेल्या शांतिसेना प्रशिक्षण केंद्राचा खर्च या दरात मोजला जात नाही. कोणताही देश माणशी १,४४८ डॉलरमध्ये बटालियन उभी करू शकत नाही. हा दर आधीच उभ्या असलेल्या बटालियनचा वरखर्च काय तो भागवतो.

दुसरा आक्षेप आपल्याच घरातला. भारतासारख्या मोठ्या देशाने थोड्या डॉलरांसाठी तक्रार करणे शोभत नाही, असे काहींना वाटते. मला याच्या नेमके उलट वाटते. आपली तिजोरी हा उशीर सोसू शकते. नेपाळ, रवांडा, बांगलादेश, घाना यांना तो जड जातो. संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमांवर आज सर्वाधिक सैनिक पाठवणाऱ्यांत हेच देश आहेत. परतावा थकला की त्यांना गाड्यांचे सुटे भाग घेता येत नाहीत, गाड्या बंद पडल्या की भाडे कापले जाते, आणि भाडे कापले की पुढच्या दुरुस्तीला पैसे उरत नाहीत. या फेऱ्यात त्यांचा जवान जुनाट गाडीत बसून गस्तीला निघतो. ज्याला सोसण्याची ताकद आहे, त्यानेच बोलायचे असते. शिवाय भारत आपली वर्गणी वेळेवर भरणाऱ्या देशांत मोडतो. आपण कोणाचे देणे लागत नाही, म्हणून आपल्याला मागण्याचा अधिकार आहे.

मंत्रिमहोदय, पैसे थकले की त्याचा फटका शेवटी कोणाला बसतो, हेही या हिशेबात धरले पाहिजे. १९ डिसेंबर २०१३ रोजी दक्षिण सुदानमधल्या अकोबो येथे सुमारे दोन हजार सशस्त्र तरुणांनी संयुक्त राष्ट्रांच्या छोट्या तळावर हल्ला केला. तळावर जीव वाचवण्यासाठी आलेले नागरिक होते. त्यांच्यासाठी उभे राहिलेले दोन भारतीय जवान मारले गेले आणि आसऱ्याला आलेल्यांपैकीही अनेक जण ठार झाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये जोंगलेई प्रांतात पाच भारतीय सैनिक घातपाती हल्ल्यात गेले होते. असे तळ आजही आहेत. तिथली माणसे एक चतुर्थांशाने कमी करणे म्हणजे काही गावांतली गस्त बंद करणे, काही तळ उठवणे, आणि ज्या बायकामुलांना रात्री त्या कुंपणाआड झोप लागत होती, त्यांना पुन्हा हल्लेखोरांच्या वाटेवर सोडणे. ही कपात सुरक्षा परिषदेने परिस्थिती पाहून ठरवलेली नाही, ती रिकाम्या खात्याने ठरवली. शांतिमोहीम संपवायची असेल तर ती विचारपूर्वक संपवावी. ती पैशाअभावी अशी विरत जाऊ देऊ नये.

या कामात आपला देश सुरुवातीपासून आहे. १९५३ मध्ये कोरियातल्या युद्धकैद्यांच्या देखरेखीसाठी गेलेल्या भारतीय दलाचे नेतृत्व कोल्हापूरकडच्या मेजर जनरल शंकरराव थोरात यांनी केले. १९९२ मध्ये युगोस्लाव्हियातल्या शांतिसैन्याचे पहिले सेनापती होते मराठा लाइट इन्फंट्रीचे लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार. आजवर जवळपास २ लाख ९० हजार भारतीय या मोहिमांवर गेले आणि सुमारे १८० परत आले नाहीत. लायबेरियात २००७ मध्ये गेलेली पोलिसांची संपूर्ण महिलांची तुकडी भारताची होती, जगातली तशी पहिली. हुतात्मा शांतिसैनिकांसाठी न्यूयॉर्कमध्ये स्मृतिभिंत उभारण्याचा ठराव २०२३ मध्ये भारतानेच मांडला आणि महासभेने तो एकमताने संमत केला. नावे भिंतीवर कोरण्यासाठी जग आपल्यामागे उभे राहिले. त्याच जगाला आता खातेवहीकडे पाहायला लावण्याची वेळ आहे.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत.

पहिली, सुरक्षा परिषदेत नवी मोहीम मांडताना किंवा जुनीला मुदतवाढ देताना पैसा कसा आणि कधी येणार, हे स्थायी सदस्यांनी त्याच बैठकीत सांगावे, असा ठराव भारताने सैनिक पाठवणाऱ्या देशांना सोबत घेऊन मांडावा. ज्यांच्याकडे नकाराधिकार आहे, त्यांच्यावर वेळेवर भरण्याची जबाबदारी इतरांपेक्षा जास्त असली पाहिजे.

दुसरी, थकलेल्या परताव्यावर ठरावीक मुदतीनंतर भरपाई मिळावी आणि तिचा बोजा थकबाकीदार देशांवर पडावा. साहित्यात कसूर झाली तर कपात होते. वर्गणीत कसूर झाली तर आकारणी व्हायला हवी.

तिसरी, माणशी दर महागाईशी जोडावा, म्हणजे बारा-बारा वर्षे तो गोठून राहणार नाही. जवानाचा १.२८ डॉलरचा दैनिक भत्ताही नव्याने ठरवावा.

चौथी, मृत्यू आणि अपंगत्वाची भरपाई रोकडटंचाईतून पूर्णपणे वगळावी. १९९७ मध्ये मृत्यूसाठी ५० हजार डॉलरची रक्कम ठरली, पुढे ती वाढवण्यात आली. रक्कम कितीही असो, ती कुटुंबाला मिळण्यासाठी कोणत्याही देशाच्या वर्गणीची वाट पाहावी लागू नये. तिच्यासाठी स्वतंत्र निधी असावा.

पाचवी मागणी आपल्या सरकारकडेच आहे. दर वर्षी एक श्वेतपत्रिका काढावी : कोणत्या मोहिमेवर किती जवान होते, किती रक्कम आपल्याला येणे होती, किती आली, साहित्यातल्या त्रुटींमुळे किती कापली गेली, जवानांवर किती खर्च झाला, आणि मृत वा जखमी जवानांच्या किती दाव्यांचा निकाल लागला. आज हे आकडे संसदेतल्या एखाद्या प्रश्नाच्या उत्तरातून तुकड्यातुकड्यांनी हाती लागतात. ते एका जागी, मराठीसह सर्व भारतीय भाषांत मिळावेत. साहित्याअभावी कपात झाली असेल तर तेही लपवू नये. आपला हिशेब उघडा असेल तरच दुसऱ्याला त्याचा हिशेब विचारता येतो.

या मागण्या मान्य झाल्या नाहीत तर भारताने शांतिमोहिमांतून अंग काढून घ्यावे, असे मी म्हणणार नाही. अकोबोसारख्या तळावर आसऱ्याला आलेल्या माणसाचा या थकबाकीशी काहीच संबंध नसतो, आणि त्याला वाऱ्यावर सोडणे भारताला शोभणार नाही. आपण जात राहू. पण जाताना अटी घालू, आणि त्या अटी एकट्याने न घालता नेपाळ, रवांडा, बांगलादेश यांच्या बरोबरीने घालू. दिल्लीतल्या परिषदेत जे देश एकत्र आले, त्यांनी पाचव्या समितीतही एकत्र मतदान केले तर पैसे देणाऱ्यांना ऐकावेच लागेल, कारण त्यांच्या जागी पाठवायला दुसरे सैनिक कोणाकडेच नाहीत. ही ताकद आपल्या हातात आहे. आपण ती पाचव्या समितीच्या येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनातच वापरावी आणि तिथे भारताने काय मागितले, कोणी साथ दिली, कोणी विरोध केला, हे संसदेला सांगावे. ज्या घरांतून हे जवान जातात, त्या घरांना हे ऐकण्याचा हक्क आहे.

आपला विश्वासू,
महाराष्ट्रातील एक नागरिक